राडारोडा, खड्डे आणि पावसाळ्यात फिरणारा मेसेज

पाऊस सुरू झाला की नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाडलेल्या घरांचा राडारोडा रस्त्याखाली घालतात म्हणून खड्डे पडतात. हे नियमबाह्य आहे. विटांचा चुरा ट्रकखाली पीठ होतो. काळा दगड दाराशी असताना असला माल घ्यायचं कारण एकच, ठेकेदाराची कमाई. शिवाय त्यातलं विष गोदावरीत उतरतं. सोबत फोटो असतो: खड्ड्यात ओतलेली विटांची ढेकळं, फरशीचे तुकडे, मध्येच डोकावणारी पाइपची नळी.

फोटो खरा असेल. असे खड्डे भरलेले आपण सगळ्यांनीच पाहिलेत, आणि ते दोन सरींत पुन्हा उघडे पडतात हेही. पण तो माल ट्रॉलीतून थेट खड्ड्यात आलेला आहे. पुनर्वापराच्या मालातून आधी लोखंड, लाकूड, प्लास्टिक वेचून काढतात, माती चाळतात, उरलेलं क्रशरमधून काढून ठरावीक आकारांत वेगळं करतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. मेसेज या दोन्हींना एकच समजतो, आणि त्याचे बाकीचे मुद्दे त्या गल्लतीवरच उभे आहेत.

नियमबाह्यचा मुद्दा लवकर निकालात निघतो. केंद्राच्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांतच म्हटलं होतं की पालिका आणि सरकारी कामांत अशा मालापासून बनलेली सामग्री काही प्रमाणात, साधारण १० ते २० टक्के, वापरणं बंधनकारक करावं. अट फक्त गुणवत्तेच्या काटेकोर तपासणीची होती. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेने २०१७ मध्ये खास या विषयावर ‘आयआरसी १२१’ ही मार्गदर्शिका काढली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांनी तर २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांच्या प्रवर्तकांवर कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारीच टाकली आहे. तेव्हा नियम मोडला जातो तो राडारोडा वापरल्यामुळे नव्हे. न तपासता ओतल्यामुळे.

आता ‘पीठ होतं’ याबद्दल. हा मुद्दा अगदीच हवेतला नाही, म्हणून जरा सविस्तर.

दगड किती झिजतो हे पाहायला लॉस एंजेलिस चाचणी असते. खडी पोलादी गोळ्यांसोबत एका पिंपात घालून ते फिरवतात, मग १.७ मिलिमीटरच्या चाळणीतून किती भुकटी पडते ते मोजतात. डांबराच्या खाली जो डब्ल्यूएमएमचा थर असतो, म्हणजे ओल्या मिश्रणाचं खडीकरण, त्यासाठी केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत ही झीज ४० टक्क्यांपर्यंत चालते. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, या परीक्षेत आरामात पास होतो. तोडलेल्या काँक्रिटची खडी त्याहून जास्त झिजते, कारण तिच्या अंगाला जुना सिमेंट-वाळूचा लेप चिकटलेला असतो. पण चांगल्या काँक्रिटची खडी मर्यादेच्या आत राहते. विटांचं प्रमाण वाढलं की आकडा बिघडतो. म्हणूनच काँक्रिटचा माल आणि विटा-गिलाव्याचा माल सुरुवातीलाच वेगळा ठेवायचा असतो: पहिला वरच्या थरांकडे, दुसरा खालच्या भरावाकडे. जुन्या नाशकातला वाडा पाडला की चुन्यातल्या विटा, माती आणि काळ्या दगडाची जोती निघतात; गंगापूर रोडचा बंगला पाडला की आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रिट. दोन्ही एकाच ढिगात घातले तर दोन्हींची किंमत गेली.

विटेला सरसकट हिणवणाऱ्यांनी पश्चिम बंगालकडेही पाहावं. तिकडे दगड दूर, म्हणून जास्त भाजलेल्या विटांची खडी रस्त्यांत कित्येक वर्षं वापरतात.

त्या चिकटलेल्या लेपामुळे अशी खडी पाणी जास्त पिते. पाणी शोषण २ टक्क्यांच्या वर गेलं की डब्ल्यूएमएमसाठी क्षारांच्या द्रावणात भिजवून-वाळवून टिकाऊपणा तपासावा लागतो. कामावरची खरी चूकही इथेच होते. बेसॉल्टच्या हिशेबाने पाणी मारलं तर खडीच ते पिऊन टाकते, मिश्रण कोरडं राहतं, रोलर कितीही फिरवला तरी थर नीट दबत नाही. मग वर्षभरात रस्ता बसतो आणि दोष येतो राडारोड्यावर. उलट, खडी आधी भिजवून घेतली तर तिच्यातलं न मुरलेलं सिमेंट थोडं बांधणीचं कामही करतं.

एक मात्र खरं. हा माल सगळीकडे चालतो असं म्हणणारे उत्साही लोकही चुकतात. काँक्रिटच्या खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने आरसीसीमध्ये पुनर्वापरित काँक्रिटची जाड खडी फक्त २० टक्क्यांपर्यंत आणि तीही एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्याच काँक्रिटला दिली आहे. विटामिश्रित खडीला आरसीसीत जागाच नाही.

आणि खड्डे? ते बहुतेक पाण्यामुळे पडतात. गटार नाही, रस्त्याला उतार नाही, केबल किंवा पाइपसाठी खोदलेला चर माती लोटून बुजवलेला. पाणी डांबराच्या भेगेतून खाली गेलं की अस्सल बेसॉल्टची खडीसुद्धा मोकळी होते.

‘दगड दाराशी आहे’ या वाक्यावर मला सर्वात जास्त राग येतो. दाराशी म्हणजे कुठे? नाशिकजवळ सारूळला खडीच्या खाणींसाठी डोंगर कसे कापले गेलेत ते जाऊन बघा. २०२१ मध्ये ब्रह्मगिरी आणि संतोषा-भागडी डोंगरांवरच्या उत्खननाविरुद्ध नाशिककर रस्त्यावर उतरले होते. सिंहस्थासाठी रस्ते रुंद करायचे, नवे बांधायचे, खडी लागणार. तीच माणसं डोंगर वाचवा म्हणणार आणि राडारोडा नको म्हणणार, हे जमायचं कसं?

कमाईचं म्हणाल तर, हा माल नेहमीच स्वस्त पडतो असंही नाही. प्रक्रिया केंद्र लांब असेल तर डिझेलच सगळं खाऊन टाकतं. हिशेब ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) दराइतकाच वाहतुकीच्या अंतराचा आहे.

विषाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. काँक्रिटच्या चुऱ्यातून झिरपणारं पाणी अल्कधर्मी असतं, म्हणून नदीकाठी किंवा विहिरीलगत, जिथे भूजल वर असतं, तिथे तो वापरू नये. पीओपीच्या छताचे तुकडे आत गेले तर त्यातला सल्फेट सिमेंट घातलेल्या थराला फुगवतो. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या जुन्या शेडवरचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे तर क्रशरजवळही यायला नकोत. पण मेसेज लिहिणाऱ्याला गोदावरीची काळजी असेल, तर नासर्डी आणि वालदेवी या नद्यांच्या काठांवर ओतलेले राडारोड्याचे ढीग आधी मोजावेत. ते पूररेषेच्या आत आहेत, पात्र अरुंद करतात. २००८ आणि २०१९ च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडालेला ज्यांनी पाहिला, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मेसेजच्या शेवटी ‘ठेकेदाराला जाब विचारा’ असं असतं. जरूर विचारा, पण नेमकं विचारा. माल कुठल्या केंद्रातून आला, कोणत्या थरात घातला, चाळणी विश्लेषणाचा आणि लॉस एंजेलिसचा अहवाल कुठे आहे, थर दाबल्यावर घनता कोणी मोजली. हे कागद प्रत्येक रस्त्याच्या फाइलमध्ये असायलाच हवेत, खडी सारूळची असो की पाडलेल्या इमारतीची, आणि माहिती अधिकारात ते मागता येतात.