गाऱ्हाणं

आमच्या कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. मानकरी हातात नारळ धरून सुरू करतात, "बा देवा म्हाराजा..." आणि दर वाक्याला सगळं अंगण म्हणतं, "व्हय म्हाराजा!" लहानपणापासून मीही म्हणत आलो. आपण काय म्हणतोय ते मात्र ३ जून २०२० नंतर कळलं.

निसर्ग वादळ त्या दिवशी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, पण इकडे दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीतही त्याने काही शिल्लक ठेवलं नाही. आजोबांच्या हातच्या पोफळी मोडून पडल्या, माड मुळासकट आडवे झाले. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात, आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तेव्हा सत्तरी ओलांडलेली. मी लॉकडाऊनमुळे ठाण्यात अडकलेला. आठ दिवसांनी कसाबसा फोन लागला आणि माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, "अण्णा, आयुष्यभर देवाचं एवढं केलंत, त्याने काय दिलं?"

अण्णा म्हणाले, "त्यालाच विचारतोय रे रोज. दुसऱ्या कुणाला विचारू?"

मला याचा राग आला होता. कितीतरी महिने तो गेला नाही. आज वाटतं, श्रद्धा म्हणजे हेच. ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्याशीच माणूस भांडतो. नवसात तू हे दे, मग मी ते देईन असं आधीच ठरलेलं असतं. (नवस बोलणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, माझ्या आजारपणात आईनेही बोलला होता.) गाऱ्हाण्यात ठरलेलं काही नसतं. ऐकणारा आहे, एवढाच भरवसा.

आणि त्या ऐकणाऱ्याला घरात जागा लागते. शिमग्यात रूपं लागली, म्हणजे देवाचे मुखवटे पालखीत बसले, की पालखी सहाणेवरून, म्हणजे गावातल्या तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावरून, घरोघर निघते. त्याआधी पडवीतली नारळाची रास हलवायची, पोती मागच्या दारी न्यायची, अंगण सारवायचं, रांगोळी घालायची. मग वाट बघायची. संध्याकाळी येणार म्हणतात आणि रात्री दोनला येते, कारण आधीच्या घरी कुणाच्या तरी पोराचं लग्न जमत नसतं आणि त्याचं गाऱ्हाणं लांबतं. तोवर मोकळी केलेली जागा मोकळीच ठेवायची, पोरांनासुद्धा तिथे आडवं होऊ द्यायचं नाही. देव आपल्या वेळापत्रकाने येत नाही. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मी त्याला फ्रिजशेजारची एक फळी दिली होती आणि आंघोळ ते डबा यांमधली दोन मिनिटं, तीही मोबाइल बघत. हल्ली सकाळी पाव तास फोन आतल्या खोलीत ठेवून नुसता बसतो. मागत काही नाही. काय चाललंय ते सांगतो, कधी तेही नाही.

२०२१ ला निर्बंधांमुळे पालखी आमच्या दारात आली नाही. २०२२ च्या शिमग्यात आली. ढोल थांबले, आईने ओटी भरली. मानकरी नारळ उचलणार एवढ्यात अण्णा म्हणाले, या वेळी मी घालतो. आवाज कापत होता.

"बा देवा म्हाराजा, बापाने लावलेली झाडं तू नेलीस. का नेलीस ते अजून सांगितलं नाहीस म्हाराजा. नवी रोपं लावलीत, ती तुझ्याच पदरात आहेत..."

अंगणातले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणालो.