‘ब्रेक्झिटने ब्रिटनचे काहीच बिघडले नाही’ या दाव्याविषयी

ब्रिटनने युरोपीय महासंघ सोडला त्याला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याविषयीचा एक ठरावीक मजकूर थोड्याफार फरकाने अजूनही मराठीत फिरत असतो. त्याचा आशय असा, की ब्रिटनने महासंघाला सोडचिठ्ठी देऊन आपल्या सीमा ताब्यात घेतल्या आणि परकीयांचा लोंढा थांबवला. दर आठवड्याला ब्रसेल्सला, म्हणजे महासंघाच्या मुख्यालयाकडे, जाणारे ३५ कोटी पौंड वाचवले. बाहेर पडताना महासंघाशी झालेला व्यापार करार शुल्कमुक्त असल्यामुळे युरोपशी व्यापार होता तसाच राहिला. आणि युरोपीयांना दार लागल्यामुळे ते भारतीयांसाठी उघडले, ज्याचे फळ म्हणजे २०२५ चा भारत-ब्रिटन व्यापार करार. या मजकुरातील एक गोष्ट खरी आहे आणि ती मी ओघात मान्य करणार आहे. बाकीच्यांचे तसे नाही.

पैशांचा मुद्दा आधी संपवतो, कारण तो फार ताणण्यात अर्थ नाही. ३५ कोटी पौंडांचा आकडा २०१६ च्या प्रचारात एका लाल बसवर रंगवलेला होता. १९८४ साली तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मिळवलेली महासंघाच्या वर्गणीतील सूट या आकड्यात वजा केलेलीच नव्हती. ती वजा केल्यावर रक्कम आठवड्याला २५ कोटींच्या आसपास येते, आणि त्यातलाही काही भाग शेती अनुदान व मागास प्रदेशांसाठीचा निधी म्हणून ब्रिटनमध्येच परत येत असे. बोरिस जॉन्सन यांनी २०१७ मध्ये हा आकडा पुन्हा वापरला, तेव्हा ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी हा अधिकृत आकडेवारीचा उघड गैरवापर असल्याचे त्यांना पत्राने कळवले. ब्रिटनमध्ये निकालात निघालेला हा आकडा आपल्याकडे अजून नवाच आहे.

आता लोंढ्याकडे वळू. २३ जून २०१६ च्या सार्वमताच्या वेळी ब्रिटनमधील निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा करून उरणारी संख्या, वर्षाला सव्वातीन लाखांच्या घरात होती, आणि ‘तो आकडा खाली आणू’ हेच ५१.९ टक्के मतांनी जिंकलेल्या प्रचाराचे मोठे आश्वासन होते. १ जानेवारी २०२१ पासून युरोपीयांचा मुक्त संचार संपला आणि गुणांकावर आधारलेली नवी व्हिसापद्धती आली. त्यानंतर निव्वळ स्थलांतर वाढत जाऊन २०२३ च्या मध्याला संपलेल्या वर्षात नऊ लाखांच्या पुढे गेले, जे त्या देशाच्या इतिहासात कधी घडले नव्हते. युक्रेनचे युद्ध आणि हाँगकाँगमधून आलेले लोक हा त्यातला काही भाग होता हे मान्य केलेच पाहिजे, कारण त्यांचा ब्रेक्झिटशी संबंध नाही. परंतु मोठा भाग विद्यार्थ्यांचा, त्यांच्या कुटुंबीयांचा आणि रुग्णालये व वृद्धाश्रमांसाठी मुद्दाम बोलावलेल्या कामगारांचा होता, आणि त्यांना व्हिसे देणारे सरकार ब्रेक्झिट घडवणाऱ्या हुजूर पक्षाचेच होते. युरोपीयांच्या बाबतीत मात्र परत जाणारे अधिक आणि येणारे कमी अशी स्थिती झाली. थोडक्यात, लोंढ्याची दिशा बदलली आणि तो आधी वाढला. पुढे संख्या उतरली, तीही २०२४ पासून नियम आवळले गेल्यामुळे.

२०२१ सालचा शरद ऋतू या संदर्भात आठवावा. ट्रकचालक मिळेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ज्या सरकारने युरोपीय कामगार नकोत म्हणून नवे नियम केले होते त्याच सरकारला नाताळापर्यंतच्या मुदतीचे ५,००० ट्रकचालकांचे आणि ५,५०० कोंबडीप्रक्रिया कामगारांचे तात्पुरते व्हिसे जाहीर करावे लागले. शेतांवरही तेच झाले. स्ट्रॉबेरी तोडायला पूर्वी रुमानिया-बल्गेरियातून येणाऱ्या माणसांऐवजी आता हंगामी व्हिसावर नेपाळ, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान येथून माणसे आणली जातात.

‘सीमा ताब्यात आल्या’ या वाक्याला आणखी एक बाजू आहे. आश्रय मागणाऱ्याने युरोपात प्रथम ज्या देशात पाऊल ठेवले तिकडे त्याला परत पाठवता येण्याची जी डब्लिन नियमावली आहे, महासंघ सोडल्यामुळे ब्रिटन तिच्यातूनही बाहेर पडले. तिच्या आधारे प्रत्यक्षात थोड्याच लोकांना परत पाठवले जाई, त्यामुळे सगळे खापर तिच्या जाण्यावर फोडणे बरोबर होणार नाही. तरीही २०१८ मध्ये छोट्या होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडून आलेल्यांची नोंद २९९ इतकी होती आणि २०२२ मध्ये ती ४५,००० च्या वर गेली, हे आकडे ‘ताबा’ या शब्दाशेजारी ठेवून पाहावेत.

भारतीयांसाठी दार उघडले, हा मुद्दा आपल्या वाचकांना सर्वांत सुखावणारा आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. युरोपबाहेरच्या माणसाला व्हिसा द्यायचा की नाही, हे ब्रिटन महासंघात असतानाही लंडनमध्येच ठरत होते. ब्रसेल्सचा त्यात हात नव्हता. शिक्षणानंतर दोन वर्षे नोकरी करण्याची सवलत २०१२ मध्ये काढून घेतली ती तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी, सदस्यत्व शाबूत असताना. परदेशी डॉक्टर व परिचारिकांना व्हिसांच्या वार्षिक मर्यादेतून वगळले ते २०१८ मध्ये, म्हणजे तेव्हाही सदस्यत्व होतेच. म्हणजे दार लावण्यासाठी ब्रेक्झिटची गरज नव्हती आणि उघडण्यासाठीही नव्हती.

आणि जे उघडले ते उघडे राहिले काय? २०२१ मध्ये पदवीधरांची सवलत परत आली आणि २०२२ मध्ये वृद्धसेवेतील कामगारांना व्हिसे मिळू लागले, हे खरे. पण जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार नेता येईनासा झाला. मार्चमध्ये सेवा-कामगारांवर तेच बंधन आले. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी किमान पगार २६,२०० पौंडांवरून आधी ३८,७०० आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर नेला गेला. आणि त्याच महिन्यात परदेशातून सेवा-कामगार आणणे मजूर पक्षाच्या सरकारने बंदच केले. सरकारी आरोग्यसेवेपोटी कामाच्या व्हिसावरील बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरावे लागतात ते वेगळेच. सार्वमताच्या वेळी ‘करी हाउस वाचवा’ म्हणत प्रीती पटेल यांनी सिल्हेटी, म्हणजे बांगलादेशी वंशाच्या, उपाहारगृहचालकांना आपल्या बाजूला वळवले होते. युरोपीय थांबले की आचाऱ्यांना व्हिसे मिळतील असे त्यांना वाटले. पुढे पटेल स्वतः गृहमंत्री झाल्या, पण त्या मंडळींना हवा होता तसा सुलभ व्हिसा काही आला नाही.

भारतीय वंशाच्या एका समूहासाठी तर ब्रेक्झिटने असलेले दार लावले, आणि तो समूह आपल्या शेजारचा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या गोमंतकीयांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर पोर्तुगालला न राहता थेट इंग्लंडला गेले. साउथॉल आणि विशेषतः स्विंडन इथे त्यांची वस्ती वाढली, गोदामांत आणि कारखान्यांत ते पाळ्या करू लागले. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा भारतीय पासपोर्टवर त्यांनी पाणी सोडले ते ब्रिटनमधल्या कामाच्या हक्कासाठी. समजा, सासष्टीतल्या एका घरातला थोरला भाऊ डिसेंबर २०२० मध्ये स्विंडनला पोचला आणि धाकट्याची लिस्बनमधली नोंद दोन महिने उशिरा झाली. थोरल्याने ३० जून २०२१ पूर्वी, आधीच आलेल्या युरोपीय नागरिकांसाठीच्या वास्तव्ययोजनेत अर्ज केला, त्याचा हक्क टिकला. धाकट्याच्या हाती तोच तपकिरी-लाल पासपोर्ट आहे, पण इंग्लंडमध्ये गोदामात पेट्या उचलण्यासाठी त्याला आता व्हिसा लागतो आणि त्या कामाला तो मिळत नाही. थोरल्याने २०२१ नंतर लग्न केले असेल, तर बायकोला नेण्यासाठी त्याला वर्षाकाठी २९,००० पौंडांची मिळकत दाखवावी लागते. पूर्वीच्या नियमाने अशी अट नव्हती. स्विंडन शहराने सार्वमतात बाहेर पडण्याच्या बाजूने ५५ टक्क्यांच्या आसपास मतदान केले होते, हेही जाता जाता नोंदवतो.

व्यापाराच्या मुद्द्यात अर्धसत्य अधिक धूर्त आहे. ३० डिसेंबर २०२० रोजी सह्या झालेला करार शुल्कमुक्त आहे, पण तो ज्या मालाचे मूळ ब्रिटनमध्ये किंवा महासंघात आहे असे सिद्ध होते त्याच मालापुरता. जर्मनीत बनलेल्या खाऊच्या गोळ्या ब्रिटनच्या गोदामात आल्या आणि काहीही प्रक्रिया न होता तिथून आयर्लंडच्या दुकानात गेल्या, तर त्या युरोपीय राहात नाहीत आणि ब्रिटिशही होत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर शुल्क बसते. हा प्रकार जानेवारी २०२१ मध्ये व्यापाऱ्यांच्या लक्षात आला तेव्हा त्यांची झालेली पंचाईत कल्पनेने ताडता येईल.

शुल्काहून कागदाचा जाच मोठा. मांस, मासे, चीज पाठवायचे तर पशुवैद्याने सही केलेले आरोग्य प्रमाणपत्र हवे. स्कॉटलंडचा छोटा मच्छीमार आपल्या दहा पेट्या इतरांच्या मालाबरोबर एका ट्रकमध्ये भरत असे. आता त्यातील एकाच्या कागदात चूक निघाली तरी सगळा ट्रक खोळंबतो, आणि खाली बर्फ वितळत असतो. इंग्लंड-वेल्सच्या बऱ्याच किनाऱ्यांवरचे जिवंत शिंपले पाण्याच्या प्रतीमुळे शुद्धीकरणाशिवाय महासंघात पाठवताच येईनात, कारण त्रयस्थ देशाला तो नियम सुरुवातीपासून लागूच आहे. हॉलंडच्या बंदरावर सीमाशुल्क कर्मचाऱ्यांनी ब्रिटनहून आलेल्या चालकाचे हॅमचे सँडविच काढून घेतल्याचे दृश्य तिथल्या दूरचित्रवाणीने दाखवले, तेव्हा लोक हसले. पण नियम म्हणून ते चोख होते. उलट बाजूने, युरोपातून येणाऱ्या मालाची स्वतःची तपासणी ब्रिटनने पाच वेळा पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये कुठे सुरू केली. आपल्याच दुकानांत माल कमी पडेल ही भीती त्यामागे होती.

‘पण ब्रिटनची निर्यात तर विक्रमी आहे’, असे यावर सांगितले जाते. पौंडांत मोजली तर आहे, कारण मधल्या काळात महागाई वाढली आणि सेवांची निर्यात, म्हणजे सल्ला, वित्त, कायदा वगैरे, खरोखर जोमाने वाढली. मालाची निर्यात मात्र रेंगाळली. तोटा मोजायचा तो ‘पूर्वी किती होती’ याच्याशी ताडून नव्हे, तर आत राहिले असते तर किती झाली असती याच्याशी ताडून. ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाचे गृहीतक असे, की दीर्घकाळात आयात-निर्यात आत राहिलो असतो त्यापेक्षा १५ टक्क्यांनी आणि उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील. हा अंदाज आहे आणि त्यावर वाद घालता येतो. परंतु ‘काहीच बिघडले नाही’ असे म्हणणाऱ्याने निदान तो वाद घालावा.

आता ती खरी गोष्ट. महासंघाच्या सदस्याला स्वतंत्र व्यापार करार करता येत नाही, त्यामुळे २४ जुलै २०२५ रोजी सही झालेला भारत-ब्रिटन करार ब्रेक्झिटशिवाय या स्वरूपात झाला नसता. स्कॉच व्हिस्कीवरील आपले १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येईल, आणि भारताच्या जवळजवळ सगळ्या मालाला ब्रिटनमध्ये शुल्कमुक्ती मिळेल. पण ब्रिटिश सरकारच्याच हिशेबाने यातून त्यांना दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंड, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक दशांश टक्क्याच्या आसपास लाभ होईल. तो वरच्या ४ टक्क्यांशेजारी ठेवून पाहावा. स्थलांतराच्या बाबतीत करारात आचारी, योगशिक्षक, संगीतकार यांच्यासाठी वर्षाला १,८०० ची मर्यादा आहे, ‘दार उघडले’ म्हणावे एवढी ती खचित नाही. शिवाय भारताने युरोपीय महासंघाबरोबरच्या कराराच्या वाटाघाटीही जानेवारी २०२६ मध्ये नवी दिल्लीत पूर्ण केल्या. आत राहिलेल्यांनाही भारताची बाजारपेठ मिळते आहे, आणि त्यासाठी त्यांना काही सोडावे लागले नाही.

नाशिकच्या द्राक्षनिर्यातदाराला यातला फरक तपशिलात दिसतो. पूर्वी कीटकनाशकांच्या अवशेषांची महासंघाची एकच मर्यादायादी नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराला आणि लंडनला चालत असे, आणि रॉटरडॅमला सीमाशुल्कातून सुटलेला माल पुढे ब्रिटनलाही निर्वेध जाई. आता ब्रिटनची यादी वेगळी आणि सीमाही वेगळी. १९ मे २०२५ च्या लंडन बैठकीत मात्र ब्रिटन आणि महासंघाने अन्न, वनस्पती व पशुआरोग्याविषयीचा सामायिक करार करण्याचे ठरवले. त्यात कीटकनाशकांचे नियमही येतात, आणि महासंघ नियम बदलेल तसे ब्रिटनने बदलायचे आहेत. तो अंमलात आला तर दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला पुन्हा एकच यादी पाहावी लागेल. ती ठरवताना ब्रिटनशी सल्लामसलत होईल, मतदानाचा हक्क त्याला नसेल.