"पाच वर्षं थांबा, मूल आपोआप बोलेल" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

परवा सेकंड शिफ्टला कँटीनमध्ये आमच्या लाईनवरचा एक पोरगा म्हणाला, दादा बरं झालं तो मेसेज वाचला, भाच्याची अपॉइंटमेंट कॅन्सल केली आम्ही. भाचा सव्वादोन वर्षांचा, "मम्मा" पण धड म्हणत नाही, हाक मारली तर कधी बघतो कधी नाही. हात धुवायच्या आधी मी त्याला अर्धा तास पिडलं, आणि तिथे जे घाईत बोललो ते आता नीट लिहितोय.

मेसेज तोच, गेले दोन महिने फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला, आत्याने तर दोनदा पाठवला (आत्या, तुझ्यावर राग नाही गं, तू काळजीनेच पाठवलास). ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मुलगे उशिराच बोलतात, आइनस्टाईन चार वर्षांपर्यंत बोलला नव्हता, पाच वर्षं थांबा. सगळा दोष मोबाईलचा, तो बंद केला की एकवीस दिवसांत मूल नॉर्मल. स्पीच, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, हाताची आणि रोजच्या कामांची), फिजिओ, सायकॉलॉजिस्ट अशा चार ठिकाणी पाठवणं ही कमिशनची साखळी. आईने नोकरी सोडून वेळ दिला तर थेरपी लागतच नाही. आणि दिव्यांगाचं सर्टिफिकेट अजिबात काढू नका, जन्माचा शिक्का बसतो. खाली "एका अनुभवी डॉक्टरांच्या लेखणीतून", डॉक्टरांचं नाव मात्र कुठेच नाही.

मी पण डॉक्टर नाही. नाशिकला एमआयडीसीत कामाला आहे. माझी मुलगी चिऊ (घरातलं नाव) ३१ व्या आठवड्यात झाली, आता सात वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी), दोन्ही पाय ताठर, बोलणंही उशिरा आलं. एवढी वर्षं थेरपी सेंटरच्या बाकड्यांवर बसून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे कळलं तेवढंच सांगतो.

पहिला मुद्दा, थांबा. यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच तो घातक आहे. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढे बाकीच्यांना गाठतात, मुलगे सरासरी थोडे मागे असतात हेही खरं, पण तो फरक थोड्या महिन्यांचा असतो, वर्षांचा नाही. आणि कुठलं मूल आपोआप गाठणार आणि कुठलं नाही हे तुम्हाला मला बघून कळत नाही, तपासूनच कळतं. वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे" सारखे दोन शब्द जोडत नाही. असं असेल तर दाखवायचं. आणि आधी बोलत होतं ते बंद झालं असेल तर वय कितीही असो, लगेच. मुळात पहिली टेस्ट कानाची असते! ज्या मुलाला नीट ऐकूच येत नाही त्याला तुम्ही पाच वर्षं "लाजरा आहे" म्हणत बसणार का? ओएई आणि बेरा या टेस्ट तान्ह्या बाळाच्याही होतात, नियम असा की पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू.

आमच्या केसमध्ये तर थांबणं अजून महागात गेलं असतं. सेरेब्रल पाल्सीचा अंदाज आता तज्ज्ञांना सहा महिन्यांच्या आतसुद्धा येऊ शकतो, बाळाच्या हालचाली बघून आणि तपासणी करून (लवकर जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना ड्यू डेटपासून मोजतात हे पण आम्हाला एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या, फॉलोअपलाच कळलं, तोवर आजी रोज शेजारच्या बाळाशी तुलना करून रडायची). स्नायू ताठर राहिले आणि वेळेवर लक्ष नाही दिलं तर खुबा हळूहळू सरकू शकतो, म्हणून ठराविक काळाने खुब्याचा एक्सरे काढायला सांगतात. पाच वर्षं थांबून मूल बोलेल न बोलेल, पण खुबा कोणासाठी थांबत नाही.

आणि आइनस्टाईन. त्याने स्वतःच म्हातारपणी पत्रात लिहिलंय की मी उशिरा बोलायला लागलो म्हणून आईवडील काळजीत पडले आणि डॉक्टरांकडे गेले. १८८० च्या आसपासच्या जर्मनीतले आईवडील डॉक्टरकडे गेले हो, आणि आपण २१ व्या शतकात त्याचंच नाव सांगून अपॉइंटमेंट कॅन्सल करतोय.

मोबाईलचा मुद्दा पटकन संपवतो. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, हे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, कमी असेल तर आणखी चांगलं. तेव्हा मोबाईल बंद करा, जरूर करा, जेवताना तर आधी बंद करा. पण बंद केला म्हणून तपासणी रद्द होत नाही. "व्हर्च्युअल ऑटिझम" (म्हणे स्क्रीनमुळे होणारा ऑटिझम) हा शब्द त्या मेसेजमध्ये तीनदा आलाय, पण ऑटिझमचं निदान ज्या डीएसएम-५ या डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकावरून करतात त्यात असं निदानच नाही. आणि एकवीस दिवसांचा आकडा कुठून आला कोण जाणे, बहुतेक जिथून केस गळतीचे एकवीस दिवस येतात तिथूनच.

आता तिसरा मुद्दा, चार चार थेरपिस्ट आणि कमिशन. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथे मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला समजतो. कट प्रॅक्टिस आपल्याकडे आहे, नाही म्हणणारा माणूस एक तर भोळा आहे नाहीतर त्यातलाच आहे. आम्ही स्वतः एका सेंटरला आठ महिने पैसे भरले, तिथे दार बंद करून चाळीस मिनिटं मुलीला आत न्यायचे, बाहेर आल्यावर "आज छान को-ऑपरेट केलं" एवढंच सांगायचे. काय केलं, का केलं, घरी काय करायचं, काही नाही. पण त्यावरून चार थेरपिस्ट लागतच नाहीत असं निघत नाही. गडबड थेरपिस्ट जास्त असण्यात नव्हती, ते एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते यात होती.

आमच्याकडे काय व्हायचं सांगतो. चिऊ तीन वर्षांची असताना घरात तीन वह्या होत्या. फिजिओच्या वहीत लाल पेनने लिहिलेलं, पाय मागे दुमडून डब्ल्यूसारखं बसू देऊ नका. स्पीचच्या मॅडम तिला खाली सतरंजीवर बसवून चित्रांची कार्ड दाखवायच्या, आणि ती लगेच डब्ल्यू करून बसायची कारण तसं बसलं तरच तिचा तोल राहतो आणि हात मोकळे होतात. मॅडमना दोष नाही, त्यांना ती लाल ओळ कोणी दाखवलीच नव्हती. ओटीच्या वहीत चमचा धरायचा सराव, मणी ओवायचा सराव. प्रत्येकाने होमवर्क दिलेलं, प्रत्येकाचं "फक्त अर्धा पाऊण तास". बायकोने एकदा बेरीज केली तर दोन तासांच्या वर झाली, त्यात स्वयंपाक नाही, पाणी भरणं नाही, मोठ्या मुलाचा अभ्यास नाही, माझी फर्स्ट शिफ्ट असली की डबा पहाटे साडेचारला. त्या रात्री ती वह्या मिटून बसून राहिली, बोललीच नाही. मी पण मूर्खासारखं म्हणालो की अगं जमेल तेवढं कर. जमेल तेवढं म्हणजे किती आणि कुठल्या वहीतलं?

मग एका डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे गेलो (हे मुलांच्या विकासाचे डॉक्टर, नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपेक्षा वेगळे). त्यांनी तिन्ही वह्या बघितल्या आणि बाजूला ठेवल्या आणि विचारलं, तुमचा दिवस कसा जातो ते सांगा, उठल्यापासून. नंतर विचारलं, तुम्हाला काय हवंय. आम्ही म्हणालो चालायला हवी, बोलायला हवी. ते म्हणाले ते ठीक आहे, पण पुढच्या तीन महिन्यांत घरात काय बदललं तर तुम्हाला बरं वाटेल? तर बायको म्हणाली, ती पप्पांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, बसून जेवली पाहिजे, मांडीवर आडवी धरून भरवते मी अजून.

तेवढा एकच गोल ठरला. पुढच्या आठवड्यात तिन्ही थेरपिस्ट एका खोलीत, आम्ही दोघं पण तिथेच. फिजिओने खुर्चीची उंची ठरवली, कंबर मागे टेकलेली, पाय लटकत नकोत, टेकलेले हवेत. पायाखाली आम्ही आईचा जुना पाट लावला, दोन विटांवर. ओटी म्हणाल्या आता बसण्यासाठी हात अडकणार नाहीत, मग जाड दांड्याचा चमचा द्या, सायकलच्या हँडलचं रबर चढवलं मी त्यावर. स्पीचच्या मॅडम म्हणाल्या सरळ बसली की श्वास नीट घेते, आवाज जोरात निघेल, ताटात सगळं एकदम वाढू नका, वरणभात दोन घास वाढा आणि थांबा, तिने मागितलं पाहिजे, नजरेने मागितलं तरी चालेल, तुम्ही "अजून" म्हणा आणि मग वाढा. झालं. वेगळा व्यायाम नाही, वेगळी वही नाही, रोज दोन वेळचं जेवण तर होतंच ना घरात! फिजिओची स्ट्रेचिंग वेगळी राहिली, ती लागतातच, पण ती अंघोळीनंतर तेल लावताना बसवून दिली.

किती दिवसांत काय झालं याचा हिशोब मी देणार नाही कारण मग तुम्ही तुमच्या मुलाशी तुलना करत बसाल. तिने पहिला "अजू" माझ्या वडिलांकडे बघून म्हटला आणि त्यांनी आख्खी पळी वाढली, मॅडमचा नियम मोडून, एवढं सांगतो.

तेव्हा कमिशनची भीती असेल तर थेरपी सोडू नका, प्रश्न विचारा. मला आत बसू देणार का? तीन महिन्यांत काय बदल अपेक्षित आहे आणि तो मोजणार कसा? बाकीच्या थेरपिस्टशी तुम्ही बोलणार की निरोप्या मीच? घरातल्या कुठल्या वेळेत हे बसवायचं? ज्याला या प्रश्नांचा राग येतो तिथून उठा. आमच्या बंद दाराच्या सेंटरला आला होता.

आणि एका छताखाली सगळे हवेत ही कल्पना काही फक्त श्रीमंतांची नाही. मुंबईत उम्मीद ही संस्था २००१ पासून याच पद्धतीने काम करतेय, डॉ. विभा कृष्णमूर्तींनी सुरू केलेली. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तो पण आपल्या पालघरमधून. त्याची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासते, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, आणि संशय आला की जिल्ह्याच्या डीईआयसीला पाठवते. डीईआयसी म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र, तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच आणि ऑडिओ, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, सोशल वर्कर सगळे एकत्र असावेत अशी रचनाच आहे, आणि मोफत. असावेत म्हणतोय मी, कारण पोस्ट रिकामी असली की रिकामी खुर्चीच दिसते, ते पण बघितलंय. पण मग ओरडायचं तर त्या रिकाम्या खुर्चीवर ओरडा ना. "थेरपी हे थोतांड" असे मेसेज लाखभर लोकांनी पाठवले तर ती खुर्ची भरा म्हणून मागणार कोण?

चौथा, आईने नोकरी सोडावी. हे वाचून बायको हसली, ते हसणं चांगलं नव्हतं. घरच्यांचा सहभाग लागतो हे शंभर टक्के खरं आहे, त्याला पुरावा पण आहे आणि तो आपल्या शेजारचाच. गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला दोन ते नऊ वर्षांच्या ६५ ऑटिस्टिक मुलांवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. तिथे मोठे तज्ज्ञ नव्हते, ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाशी खेळताना व्हिडिओ काढायचा, मग बरोबर बसून बघायचा, इथे तो तुमच्याकडे बघत होता, इथे तुम्ही घाई केलीत, असं. त्यातून पालकांचं मुलाशी जुळवून घेणं वाढलं आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करायला लागली. म्हणजे घरच्यांना शिकवणं हीच थेरपी होती! ती थेरपीच्या ऐवजी नव्हती, आणि नोकरी सोडा असं तर कुठेच नव्हतं. आणि पालक म्हणजे फक्त आई असं कोणी ठरवलं? आमच्याकडे तेल आणि स्ट्रेचिंग माझ्याकडे आहे, नाईट शिफ्टवरून आलो की आधी ते मग झोप. बायको दुपारी चार तास टेलरिंगला जाते, आणि मला विचाराल तर ते चार तास पण चिऊच्या थेरपीचाच भाग आहेत.

शेवटचा मुद्दा, शिक्का. सर्टिफिकेट कपाळावर चिकटवत नाहीत, फाईलमध्ये ठेवतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, भाषा आणि वाचेचे दोष सगळं येतं. लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरतंच देतात, नंतर पुन्हा तपासणी होते. ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, आणि जुन्या टॅक्स पद्धतीत ८०डीडी खाली ७५ हजारांची वजावट (आमच्या एचआरला हे मी सांगितलं, त्यांनी मला नाही). नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्य विमा पॉलिसी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा काही खर्च पण त्यात बसतो. लोक म्हणतील काय म्हणाल तर लोक आधीच म्हणतायत, सर्टिफिकेट नसतानाही म्हणत होते.

कँटीनमधल्या त्या पोराने बहिणीला फोन लावला तेव्हा समोरून पहिला प्रश्न आला, "पण तो मेसेज तर डॉक्टरांनी लिहिलाय ना?" मी फोन घेतला आणि म्हणालो ताई, ते सगळं राहू दे, आधी फक्त कान तपासून या. भाच्याच्या बेराची तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीये, टेस्टच्या वेळी मूल झोपलेलं लागतं म्हणून सकाळी लवकर उठवून आणायला सांगितलंय. मामाची त्या दिवशी फर्स्ट आहे, ती माझ्याशी बदलून घेतलीये.