दोन गंज

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या डाव्या बाजूला दर जुलैत एक गंज ठेवला जायचा. (पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी: आमच्या नागपुरात पातेल्याला गंज म्हणतात.) रात्रभर टप्... टप्... मग आई त्यात जुना टॉवेल टाकायची. आवाज बंद. अकरा वर्षं आमच्या घरात गळतीवर हाच उपाय चालला, आवाज बंद करण्याचा. दुसरा गंज त्याच वेळी वर, स्लॅबच्या पोटातल्या सळाखींना चढत होता. त्याची कुणाला खबरच नव्हती.

टॉवेलच्या पुढचे उपायही सगळे खालूनच केले. आधी पुट्टी. मग "ओल येतच नाही" म्हणून दुकानदारानं गळ्यात मारलेला रंग. मग पीओपीचं सीलिंग, त्यात पिवळे दिवे. दोन पावसाळे सुखात गेले. तिसऱ्या वर्षी पोळीएवढा पोपडा सोफ्यावर पडला. सोफ्यावर कुणी नव्हतं, ही देवाची कृपा. वर पाहिलं तर लालभडक सळाख आणि तिच्याभोवती फुगून तडकलेलं काँक्रीट. लोखंड गंजलं की त्याची जागा दुपटीहून जास्त होते. आत फुगणाऱ्याला वाट हवी असते, म्हणून ते काँक्रीटला खाली ढकलतं. आमचं देखणं सीलिंग या सगळ्यावर पडदा धरून बसलं होतं. तेव्हापासून कुणी गळक्या छताखाली पीओपी करतो म्हटलं की मी त्याच्याशी भांडते. नातेवाईक असला तरी.

शेवटी एक म्हातारा मिस्त्री आला. मी त्याला टीव्हीजवळ नेऊन डाग दाखवायला लागले तर म्हणतो, "ताई, खालून काय पाहून राहिल्या? वर चला न."

वर गेल्यावर तो टीव्हीच्या डोक्यावरच्या जागेकडे गेलाच नाही. सरळ पलीकडच्या कोपऱ्यात, टाकीपाशी. पॅरापेटची (गच्चीच्या कठड्याची) भिंत आणि गच्ची जिथे मिळते तिथे त्यानं खिशातली चावी घातली. अर्धी चावी आत गेली. टाकीमागून पिंपळाचं हातभर रोपही निघालं होतं. आमच्या टीव्हीपासून ही जागा बारा-तेरा फूट लांब.

गच्चीवर स्लॅब असतो, त्यावर विटांचे तुकडे आणि मसाल्याचा (सिमेंट-वाळूच्या गाऱ्याचा) कोबा. पाणी एका फटीतून कोब्यात शिरतं, विटांच्या तुकड्यांतून हिंडतं आणि स्लॅबला जिथे कच्ची जागा मिळेल तिथून खाली उतरतं. त्याला सगळ्यात आवडणारी वाट म्हणजे वायरिंगचा पाइप आणि पंख्याचा हूक. म्हणून पंख्यातून पाणी टपकतं तेव्हा भोक पंख्याच्या वर आहे असं समजू नका. आणि तसं टपकत असेल तर आधी त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारं बटण) पाडा, गंज नंतर शोधा.

मिस्त्रीनं मला एक युक्ती सांगितली. डागाभोवती पेन्सिलीनं रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. पाऊस आला की पुन्हा पाहायचं. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात डाग वाढला तर उघडी भेग, किंवा गच्चीचं पाणी उतरवणाऱ्या पाइपाचं तोंड कडुनिंबाच्या पानांनी चोंदलंय. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी टपकतंय, म्हणजे कोबा पाणी पिऊन बसलाय. आणि भर मे महिन्यात डाग ओला? मग पावसाचा काय संबंध! टाकी पाहा, वरच्या मजल्याचं बाथरूम पाहा, कूलर पाहा. कूलर तर आपल्याकडे घरटी दोन. त्याचं पाणी महिनोन् महिने भिंतीत मुरतं आणि लोक पावसाळ्याच्या नावानं बोटं मोडतात. भिंतीवर पांढरी पूड येते ना, तोही निरोपच असतो: पाणी आत जाऊन, मसाल्यातले क्षार घेऊन बाहेर येतंय. झाडूनं झाडली की ती जाते. पाणी जात नाही.

आता माझं खरं म्हणणं. नागपूरचं छत उन्हात फाटतं, पाऊस नंतर येऊन फक्त चुगली करतो. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (२०२४ च्या मे अखेरीस एका यंत्रानं ५६ दाखवले आणि देशभर बोभाटा झाला. यंत्रच बिघडलेलं निघालं. आमच्या गच्चीला विचारलं असतं तर तिनं ५६ वर सही केली असती.) काँक्रीट तापलं की पसरतं. दहा मीटर लांबीच्या स्लॅबचं तापमान ३० अंशांनी वाढलं की तो साधारण ३ मिलिमीटर लांबतो आणि रात्री परत आखडतो. पॅरापेटची विटांची भिंत त्याच्या तालावर नाचत नाही. म्हणून फट पडते ती त्या सांध्यातच. दर उन्हाळ्यात, रोज.

नागपुरातल्या महाल भागात आजोबांचं घर होतं, त्याला कवेलू (कौलं) होते. रोहिणी लागली की कवेलू फेरणारा यायचा, माकडांनी फोडलेले बदलायचा, सरकलेले बसवायचा. घरात उभं राहून वर पाहिलं की फुटक्या जागेतून उजेड दिसायचा, शोध संपला. ते घर गळायचं नाही असं मुळीच नाही, चांगलं गळायचं. पण दर वर्षी एकदा माणूस वर चढणार, हे त्या छतात गृहीतच होतं. स्लॅब पडला आणि आपण समजलो, आता जन्माची सुटका झाली.

मग जुलैत धावपळ. आम्हीही केली. दहा वर्षांची गॅरंटी देणारा एक जण भर पावसाळ्यात येऊन ओल्या गच्चीवर केमिकलचा थर मारून गेला. ऑक्टोबरात फुगे, पुढच्या मेमध्ये थर पापडासारखा सुटा. त्याचा फोन तेव्हापासून लागत नाही. ओल्यावर थर धरत नाही, एवढं साधं आहे. पावसाळ्यात गळायला लागलं तर पाइपांची तोंडं मोकळी करा, प्लास्टिकची पन्नी किंवा ताडपत्री टाका आणि उघडीप होईपर्यंत दम धरा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचे पुतळे मिरवतात आणि इडापिडा घेऊन जा म्हणून ओरडतात. त्या दिवशी आमचे शेजारचे काका गच्चीवरून ओरडले होते, "गळती घेऊन जा गे मारबत!" मारबत पिवळी असो की काळी, हे काम तिच्याच्यानं होत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट आठवते? काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहतोय, नाग नदी लोकांच्या घरात. त्या दिवशी आमच्याकडे तीन गंज आणि एक बादली लागली. पण ज्यांच्या पलंगापर्यंत पाणी आलं त्यांच्यासमोर आमचं रडगाणं कुठे सांगायचं? गप्प राहिलो आणि एप्रिलची वाट पाहिली.

एप्रिलमध्ये मिस्त्रीनं सांधा कोरून भरला, तिथला काटकोन मोडून गोलाई दिली. कोब्याचा उतार नव्यानं काढला, शंभर फुटांना फूटभर तरी. सळाखी तारेच्या ब्रशनं घासून, गंजरोधक लावून पुन्हा झाकल्या. मग अजून कुठे गळतं का ते पाहायला पाइपांत बोळे कोंबून दोन इंच पाणी दोन दिवस बांधून ठेवलं. आठशे चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे पावणेचार टन वजन, म्हणून सळाखी उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर हा प्रयोग इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. शेवटी पांढरा थर. खोलीतला उकाडाही थोडा कमी झाला. सगळा खर्च पीओपीपेक्षा कमी.

गल्लीतले निम्मे लोक टिनाचं शेड टाकून मोकळे झालेत. चालतं ते, नाही म्हणत नाही. पण शेडखाली गच्चीकडे पुन्हा कुणी पाहत नाही. आणि आईनं कुरड्या आणि सरगुंडे कुठे वाळवायचे?

तो पिंपळ मात्र आईनं तोडू दिला नाही. हात जोडून, मिस्त्रीकडून मुळासकट उपटवून घेतला आणि देवळामागे लावून आली. "मुळासकट" हा मिस्त्रीचा शब्द. काल टाकीमागे परत दोन पानं दिसली, कोवळी, तांबूस. आईला अजून सांगितलं नाही.