बॉडी बदलली म्हणून ड्रॅग कार डुप्लिकेट होत नाही

गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर सध्या अमेरिकेतल्या जुन्या ड्रॅग रेसिंग कार्सबद्दल (सरळ पट्ट्यावर कोण आधी पोचतो ती शर्यत) एक पोस्ट जोरात फिरतेय. म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, नंतरच्या वर्षाची बॉडी चढवणं हे हल्लीच्या डीलर लोकांचं थेर आहे, त्या काळचे रेसर असलं काही करत नव्हते, बॉडी बदलणं म्हणजे नुसता दिखावा, बॉडी गेली की गाडी डुप्लिकेट, आणि रिस्टोर करायचीच तर कंपनीतून निघाली तश्शी करा. वाचायला एकदम बरोबर वाटतं, कारण आपल्याकडे व्हिंटेज म्हटलं की रॅलीतली चकाचक, ओरिजिनल हॉर्नसकट जपलेली गाडीच डोळ्यासमोर येते. पण पाव मैल, म्हणजे 402 मीटर सरळ सुटण्यासाठी कापलेल्या, ठोकलेल्या, जळलेल्या गाडीला तोच नियम कसा लावणार?

त्या काळी बॉडी बदलत नव्हते म्हणे. अहो, त्या काळीच तर सगळ्यात जास्त बदलत होते! 1966 सालच्या मर्क्युरी कॉमेट बघा. मिशिगनमधल्या लॉगी स्टॅम्पिंग कंपनीने नळ्यांची चासी बनवली आणि वर कॉमेटच्या आकाराचं एकसंध फायबरचं कवच बसवलं, मागच्या बाजूला बिजागरी, पुढून उचललं की अख्खी बॉडी वर. डॉन निकल्सन, जॅक क्रिसमन, एडी शार्टमन हे लोक त्या गाड्या पळवत होते. आता ज्या गाडीची बॉडी मुळातच उचलून बाजूला ठेवता येते तिच्यावर पुढच्या सीझनला दुसरी बसवायला कोण कशाला लाजेल? फनी कार म्हणतात तो अख्खा क्लास ह्याच कल्पनेवर उभा राहिला. फनी कारवाल्या डॉन प्रुडोमचं टोपणनाव स्नेक, आणि ह्या स्नेकने आयुष्यभर कात टाकली: 1970 ला मटेलच्या हॉट व्हील्सच्या स्पॉन्सरशिपवर पिवळी बॅराकुडा, 1975 ला मॉन्झा, 1978 ला ॲरो, पुढे फायरबर्ड. मधे मधे चासीपण बदलल्या, पण बॉडीचं मॉडेल बदलणं हा धंद्याचाच भाग होता. जंगल जिम लिबरमनपण शेवी टू, कॅमॅरो, व्हेगा असं करत गेला.

पत्र्याच्या गाड्यांचंही तेच. प्लिमथ बॅराकुडाला 1970 मधे पुढे 2 दिवे, 1971 मधे 4, 1972 मधे परत 2. म्हणजे पुढची जाळी, दिवे आणि मडगार्डं बदलली की गेल्या वर्षीची गाडी समोरून ह्या वर्षीची. आणि हे फसवायला नाही, सगळ्यांना माहीत असायचं. कंपन्या आणि डीलर पैसे ओतायचे ते शोरूममधे आत्ता उभी असलेली गाडी खपावी म्हणून, रविवारी जिंका सोमवारी विका हा उघड हिशोब होता, आणि मॅच रेसच्या (दोन नावाजलेल्या गाड्यांना पैसे देऊन बोलावून लावलेली झुंज) पोस्टरवर तीन वर्षं जुनं मॉडेल बघून ट्रॅकवाला मानधन देताना तोंड वाकडं करणारच ना. नंतर प्रो स्टॉकमधे, म्हणजे शोरूमच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या रेस गाड्यांच्या क्लासमधे, तर बराच काळ 5 वर्षांपेक्षा जुनी बॉडी चालायचीच नाही, म्हणजे रेसरची इच्छा असो नसो, बदलणं भागच.

मग ते दिखाव्याचं. अर्धं खरं आहे, म्हणून जरा थांबून बोलू. नवीन बॉडी म्हणजे आपोआप फास्ट असं अजिबात नाही. 1970 ला पोमोनाच्या विंटरनॅशनल्सला प्रो स्टॉक क्लास सुरू झाला, तिथे फायनलला सॉक्स अँड मार्टिनची कोरी 1970 ची बॅराकुडा होती आणि तिला हरवलं बिल जेंकिन्सने 1968 च्या कॅमॅरोने! पण हाच जेंकिन्स 1972 मधे व्हेगाकडे का वळला? स्टाईल आवडली म्हणून नाही. त्या वर्षी नियमांमधे लहान व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि स्मॉल ब्लॉक, म्हणजे आटोपशीर व्ही-8 इंजिनच्या गाड्यांना वजनात सूट मिळाली, व्हेगाचा व्हीलबेस 97 इंच, त्याने नळ्यांची फ्रेम करून आत स्मॉल ब्लॉक बसवलं आणि पुन्हा विंटरनॅशनल्स जिंकली. म्हणजे कुठली बॉडी घ्यायची हा तिथे वजनाचा आणि नियमांचा हिशोब होता. आणि हवेचं म्हणाल तर 1987 ची केनी बर्नस्टीनची ब्यूइक लसेबर बघा, विंड टनेलमधे घासून काढलेली, लोक तिला बॅटमोबील म्हणायचे, ब्यूइकच्या शोरूममधली गाडी तिच्या शेजारी उभी केली तर नात्यातली आहे हे सांगावं लागलं असतं. नुसता दिखावा असता तर एनएचआरएने, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेने, बॉडीचे नियम नंतर आवळले कशाला?

बॉडी गेली की गाडी डुप्लिकेट, हा मुद्दा ज्याने लिहिला त्याने नायट्रोमिथेन ह्या भडक्या रेसिंग इंधनावर चालणारं इंजिन फुटताना बघितलेलं नसावं. ड्रायव्हर इंजिनच्या मागे बसलेला, वर फायबरचं कवच, आग लागली की काही सेकंदांत कवचाचा कोळसा. पुढच्या आठवड्याला दुसरीकडे बुकिंग असलं की दुसरी बॉडी रंगवून हजर. हा निकष लावला तर रेस केलेली एकही फनी कार खरी उरणार नाही, खऱ्या ठरतील फक्त त्या ज्या गॅरेजबाहेर पडल्याच नाहीत. जाणकार लोक ओळख पटवतात ती चासीवरून, वेल्ड कसे आहेत, इंजिनाचे माउंट कुठून कुठे हलवलेत, नळी कुठे कापून जोडलीय, आणि हे सगळं जुन्या फोटोंशी जुळतं का.

आणि कंपनीतून निघाली तशी करा म्हणजे नेमकं काय करा? 1965 च्या डॉज-प्लिमथ फॅक्टरी गाड्यांमधे पत्रा ॲसिडमधे बुडवून पातळ केलेला, मागची चाकं 15 इंच पुढे आणि पुढची चाकं 10 इंच पुढे सरकवलेली. त्या विचित्र दिसायच्या म्हणूनच फनी म्हणायला लागले लोक. ह्या गाडीला शोरूमसारखी करायची म्हणजे चाकं परत मागे न्यायची का? मग उरलं काय तिच्यात! कुठल्या तारखेची गाडी उभी करायची हे मालकाने ठरवावं, पहिल्या सीझनची, गाजलेल्या रेसच्या दिवशीची किंवा शेवटची, आणि ठरवलेल्या तारखेला ती जशी होती तशी करावी. 1971 चा चेहरा लावून ती 71 मधे जिंकली असेल तर तोच चेहरा खरा.

एका ठिकाणी मात्र मी पोस्टवाल्याच्या बाजूने. मूळ रेसमधली, त्या काळच्या रंगाची, हाताने लिहिलेल्या अक्षरांची बॉडी अजून शिल्लक असेल आणि कोणी ती काढून टाकून चकाचक नवीन मोल्डची चढवत असेल, तर ते वाईटच, आणि असे महाभाग आहेत. नॉस्टॅल्जिया रेसिंगमधे, म्हणजे जुन्या गाड्यांच्या हल्लीच्या रेसमधे, पळवायला नवी बॉडी लागते हे मान्य, जुनं फायबर त्या वेगाला सुरक्षित नसतं, पण मग जुनी टांगून ठेवा ना भिंतीला, फेकता कशाला. सुपर स्टॉकसारख्या क्लासमधे जिथे कंपनीचा पत्रा आणि गाडीचा नंबर हीच ओळख, 1968 च्या हेमी डार्टसारख्या गाड्या, तिथे तर सरळ विचारा की हा शेल तोच का. विकणारा आधी रंगाबद्दल बोलायला लागला तर फोटो मागा, चासीचे, बॉडी वर उचललेली असतानाचे. तेही नाहीत म्हणाला तर बॉडी कुठल्या वर्षाची आहे ह्यावर वाद घालण्यात अर्थच नाही, किंमत पाडा नाहीतर निघा.