पहाटे पाचचं राहू द्या

नेतृत्वावरचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय, चांगला नेता व्हायचं तर पहाटे पाचला उठा, रोज तासभर वाचा. अहो, डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडणारा पाचलाच उठतो! (वाचन म्हणाल, तर दारात लटकून खिशातला मोबाइलसुद्धा निघत नाही.) पण ‘आधी स्वतःची चूक कबूल करा’ हे पटलं. अंधेरी एमआयडीसीत माझ्या हाताखाली पॅकिंगला अकरा जण आहेत. दिवाळीच्या गडबडीत चलानवर २४० ऐवजी ४२० नग पडले, म्हणून नव्या पोराला सगळ्यांसमोर झापलं. संध्याकाळी पाहतो तर आकडा माझ्याच अक्षरात. दुसऱ्या दिवशी कटिंग चहाच्या वेळी, सगळ्यांसमोरच, माफी मागितली. तो ‘ठीक आहे सर’ म्हणाला आणि ग्लासातच बघत राहिला. पुढच्या आठवड्यात मात्र स्वतःहून आला, ‘सर, दोन बॉक्सना माझ्याकडून चुकीचं लेबल लागलंय.’ आधी हे गिऱ्हाइकाच्या फोनवरून कळायचं.

लेखात डबेवाले हवे होते. १८९० पासूनचं काम, पण त्यांचा मुकादम केबिनमध्ये बसत नाही. भांडणं मिटवतो आणि गडी आला नाही तर डबेही उचलतो. मी अजून तिथवर पोचलेलो नाही. पॅकिंगच्या टेबलाशी अर्धा तास उभं राहिलं की कंबर बोलते.