हरकतीसह मान्य

आमच्या सोसायटीत माणसांना नावं नसतात, नंबर असतात. 'बी-३०४ च्या मुलीचं जमलं', 'ए-७०२ ची बायपास झाली' असं आम्ही सहज बोलतो आणि समोरच्याला ते कळतंही. मी ए-६०४. घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या जरा अलीकडे, तीन विंग, बारा मजले, फ्लॅट १४४. आकडा जुन्या जमावबंदीच्या कलमाचा असला तरी इथला जमाव बंद झालेला अजून कोणी पाहिलेला नाही.

दिवसा मी ऐरोलीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये असतो. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची, ऐरोलीला उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. घरी आलो की काम तेच चालू राहतं, फक्त चुका माझ्या असतात.

आमच्या धंद्यात यूएटी नावाचा एक प्रकार आहे. युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग. मराठीत स्वीकृती चाचणी. प्रोग्रामरने आपला कोड तपासला, आम्ही अख्खी सिस्टिम तपासली, की ज्या माणसाला ते रोज वापरायचंय त्याच्या हातात द्यायचं आणि विचारायचं, 'बाबा रे, तुझं काम होतंय का यात?' कागदावर याला तीन आठवडे असतात. प्रत्यक्षात आधीचे टप्पे आपले दिवस खाऊन वर याचेही खातात आणि शेवटच्या पंगतीला मठ्ठ्याचा तळ यावा तसे चार दिवस उरतात. त्या चार दिवसांत युजर जे काय विचारतात, त्यावरून मी सतरा वर्षं त्यांची टिंगल केली. त्याची फेड इथेच करायची होती.

झालं असं, की आमच्या खजिनदारांनी, बी-२०१ नी, अकरा वर्षं एक्सेलवर सांभाळलेला हिशोब सोडायचं ठरवलं. त्या फाइलमध्ये एक पिवळा रकाना आहे. तो कशाचा आहे हे कोणालाच माहीत नाही. त्याला हात लावायचा नाही एवढंच माहीत आहे. कमिटीने मेंटेनन्स बिलिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं आणि रविवारच्या मीटिंगला, पंपरूमशेजारच्या ऑफिसात, सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉम्प्युटरमधलाच ना रे? मग बघून घे जरा." या 'जरा'चे नऊ आठवडे झाले.

मी रीतसर अकरा पानी टेस्ट प्लॅन केला. कशाची चाचणी करायची, कशाची नाही, कोण करणार, काय झालं म्हणजे पास म्हणायचं, किती डिफेक्ट शिल्लक असताना गो-लाइव्ह, म्हणजे खरा वापर सुरू, करायचं नाही, सगळं त्यात होतं. सेक्रेटरींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यात चहाचा खर्च कुठे धरलायस?"

समजले एकट्या चेअरमनना. ते रेल्वेतून रिटायर झालेले. म्हणाले, "आमच्याकडे नवा मार्ग बांधून झाला तरी रेल्वे सुरक्षा आयुक्ताने तपासून हो म्हटल्याशिवाय त्यावर प्रवासी गाडी जात नाही. आणि हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचा नसतो बरं का, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. बांधणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तेव्हा तपासायला कमिटीबाहेरची माणसं घे."

म्हणून मी तीन जण निवडले. सी-१०२ मधल्या बाई, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. बी-९०३ मधल्या मावशी, ज्यांना मोबाइलवर फक्त हिरवं बटण माहीत आहे. आणि सी-११०३ चे काका, सोसायटीचे सर्वांत जुने थकबाकीदार. बाथरूमच्या गळतीवरून त्यांनी १४ महिने मेंटेनन्स भरलेला नव्हता. सेक्रेटरी उसळले. मी म्हटलं, थकबाकीदाराला कमिटीवर बसता येत नाही, पण टेस्टिंगला बसू नये असं उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, कुठेही नाही. चेअरमननी मान डोलावली.

पहिला अडथळा नळांचा आला. आदर्श उपविधीप्रमाणे पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार बघून वाटायचा असतो. आमच्या एक्सेलमध्ये तो सगळ्यांना सारखा होता, कदाचित त्या पिवळ्या रकान्यामुळेच. सॉफ्टवेअर मात्र नियमाने वागणारं निघालं. 'नळजोडण्या' हा रकाना भरल्याशिवाय बिलच तयार होईना. टेस्ट डेटा पाहिजे म्हणून मी ग्रुपवर फॉर्म टाकला: आपल्या घरात किती नळ आहेत?

ठाण्यात याहून नाजूक प्रश्न विचारता येत नाही. पगार विचारा, वय विचारा. बिल्डरने घरटी सहा नळ दिले होते. १४४ घरांतून १४३ उत्तरं आली, 'सहा'. एकट्या बाईंनी 'सात' लिहिलं आणि पुढे कंसात '(वॉशिंग मशीनचा धरून)'. म्हणजे उरलेल्या १४३ घरांत धुणं नदीवर होत असावं. वॉचमनला मोजायला पाठवलं तर दारं उघडेनात. उघडली तर ड्राय बाल्कनीत अचानक कपड्यांचे ढीग. ज्याला खरं ठाऊक होतं तो आमचा प्लंबर. त्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, मला याच बिल्डिंगमध्ये धंदा करायचाय." शेवटी 'सदस्याने जाहीर केलेले' असा शेरा मारून मी सहाच धरले. आमच्या घराचेही सहा भरले होते, तेव्हा मी विषय फार ताणला नाही.

मग जावई. सदस्याने फ्लॅट भाड्याने दिला तर सेवाशुल्काच्या कमाल १० टक्के बिनवापर शुल्क लागतं, पण आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, सून, जावई, नातवंडं असे घरचे राहत असतील तर लागत नाही. सॉफ्टवेअरला माणसाच्या दोनच जाती माहीत: मालक आणि भाडेकरू. बी-९०३ च्या मावशींनी हिरवं बटण दाबलं आणि त्यांच्या दुसऱ्या फ्लॅटवर जावई भाडेकरू म्हणून झळकले.

"माझा जावई भाडेकरू?" मावशींचा आवाज पंपरूमच्या वर गेला. "दिवाळीला सोन्याची अंगठी घातलीय त्याला!"

आमच्याकडे डिफेक्टला दोन मापं लावतात. सिव्हिअरिटी म्हणजे बिघाड केवढा मोठा आणि प्रायॉरिटी म्हणजे दुरुस्तीची घाई केवढी. नवीन पोरांना हा फरक शिकवताना माझा अर्धा दिवस जातो. आता मी एवढंच सांगतो: जावई भाडेकरू दिसणे. सिव्हिअरिटी किरकोळ, प्रायॉरिटी एक. त्याच रात्री दुरुस्त झालं.

सॉफ्टवेअरवाल्यांकडून एक मुलगा यायचा, वाशीहून, बाइकवर, घामाघूम. स्वभावाने गोड. त्याच्याकडे तीनच उत्तरं होती. पहिलं, "सर, आमच्याकडे चालतंय." दुसरं, "सर, हा डिफेक्ट नाही, चेंज रिक्वेस्ट आहे," म्हणजे वेगळे पैसे. आणि तिसरं ब्रह्मास्त्र, "वर्क्स ॲज डिझाइन्ड." म्हणजे हे असंच असणार, कारण हे असंच बनवलंय. ही तिन्ही उत्तरं मी स्वतः ऐरोलीत बसून परक्या देशांतल्या लोकांना देत आलोय, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती.

बाई मात्र असल्या अस्त्रांना भीक घालणाऱ्या नव्हेत. त्यांनी स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता बिलाची प्रिंट मागितली आणि लाल पेन काढलं. पीडीएफमध्ये रफार सरकले होते. 'वार्षिक' चं 'वाषिर्क', 'सर्वसाधारण सभा' ची 'सवर्साधारण सभा'. एका पानावर एकोणीस गोल. "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, बाई," मुलगा म्हणाला. बाई म्हणाल्या, "मुलंसुद्धा मला पेनाचा प्रॉब्लेम सांगायची." त्याने तीन वेळा बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची आवृत्ती, बदललं. तिसऱ्या वेळी प्रिंट देताना तो उभा राहून हात मागे बांधून थांबला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पण खरा टेस्टर निघाले सी-११०३. उपविधींचं पुस्तक त्यांच्या पिशवीत असतं, खुणा घातलेलं. थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के व्याज आणि तेही सरळव्याज, हे त्यांना पाठ. स्वतःचाच फ्लॅट त्यांनी टेस्ट केस म्हणून घेतला. ४,१०० रुपये महिना, १४ महिने. कागदावर पेन्सिलीने हिशोब मांडला: व्याज ६,५२९ रुपये २५ पैसे. सॉफ्टवेअरने दाखवले ७,००९. "व्याजावर व्याज लावतंय तुमचं यंत्र," काका शांतपणे म्हणाले. "ही सोसायटी आहे की सावकार?"

खजिनदारांना आशा वाटली. "मग काका, दुरुस्त केलं तर भरणार ना?"

"यातला एक रुपयाही मी भरणार नाही. गळती थांबली का? पण हिशोब बरोबरच असला पाहिजे."

बी-१२०१ आणि १२०२ ही भिंत पाडून एक केलेली घरंही त्यांनीच शोधली. सॉफ्टवेअर एका मालकाचं एकच बिल काढायचं, ८,२०० रुपये. आता सोसायटीची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर असेल आणि महिन्याचं बिल ७,५०० च्या वर गेलं, तर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,४७६ रुपये अंगावर. काकांनी पिशवीतून कागद काढला. २२ जुलै २०१९ चं केंद्राचं परिपत्रक: एकाच माणसाचे दोन फ्लॅट असतील तर ७,५०० ची मर्यादा प्रत्येक फ्लॅटला वेगळी. दोन बिलं काढली की कर शून्य.

मुलाने ते मान्य केलं आणि मग नको तो प्रश्न विचारला. "सर, उद्या एखाद्याचं बिल ७,५०१ झालं तर कर सगळ्यावर लावायचा की वरच्या एका रुपयावर?"

टेस्टिंगमध्ये याला बाउंड्री व्हॅल्यू म्हणतात. बग नेहमी उंबऱ्यावर बसलेला असतो. पण इथे उंबऱ्यावर सरकार आणि कोर्ट दोघंही बसलेले. त्याच परिपत्रकाप्रमाणे सगळ्या रकमेवर. मद्रास हायकोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं, फक्त वरच्या भागावर. आमची कमिटी यावर दोन रविवार भांडली. आमच्या एकाही फ्लॅटचं बिल ७,५०१ नाही, हे तिसऱ्या रविवारी कोणाच्या तरी लक्षात आलं.

एक माझी चूकही सांगून टाकतो, नाहीतर काका सांगतील. प्लॅनच्या सातव्या पानावर मीच लिहिलं होतं: टेस्ट डेटामध्ये मोबाइल नंबर खोटे टाकावेत. कंटाळा केला आणि खरी यादी चढवली. टेस्टिंगचा सर्व्हर आणि खरा एसएमएस एकमेकांना जोडलेले आहेत हे मला रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी कळलं, कारण तेव्हा माझाही फोन वाजला. 'आपली थकबाकी रु. ९,९९,९९९. त्वरित भरा.' १४४ घरांत एकाच वेळी दिवे लागले. कोणी बीपीचं मशीन घेऊन खाली आलं, कोणी हप्ते मिळतील का विचारायला. सी-८०१ नी 'ओके, नोटेड' एवढंच उत्तर पाठवलं. त्यांची नक्की बाकी किती आहे ते खजिनदार दुसऱ्या दिवशी दार लावून तपासत होते.

नवव्या आठवड्यात मोठा डिफेक्ट एकही उरला नाही. आता साइन-ऑफ, म्हणजे आम्ही हे स्वीकारलं अशी सही. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी हिरिरीने मतं दिली होती, त्या सगळ्यांची पेनं एकदम सुकली. सेक्रेटरी म्हणाले खजिनदारांनी करावी, खजिनदार म्हणाले सर्वसाधारण सभेत ठेवू. शेवटी चेअरमननी 'हरकतीसह मान्य' असं लिहून खाली सही केली. चाळीस वर्षांच्या सरकारी नोकरीचा हात. काय मान्य आणि कशाला हरकत, हे त्यात कुठेच नव्हतं. बाईंनी त्यात एकही रफार नाही ना हे बघून घेतलं आणि कागद पुढे दिला.

सोमवारी पहिली खरी बिलं गेली. मी ऐरोलीला डबा उघडतच होतो, तेवढ्यात फोनवर नवीन तिकीट, म्हणजे डिफेक्टची तक्रार, आलं. टाकणारे सी-११०३.

'फ्लॅट ए-६०४. नळजोडण्या: अपेक्षित ७, प्रत्यक्ष नोंद ६. डिफेक्ट पुन्हा पाहण्यासाठी: सकाळी साडेसहाला सी विंगच्या गच्चीवर उभे राहावे. ए-६०४ च्या बाल्कनीत एक गृहस्थ कुंडीमागच्या नळाला पाइप लावून तुळशीला पाणी घालताना दिसतात.'

मी दोन घास खाल्ले, विचार केला आणि उत्तर लिहून तिकीट बंद केलं: 'वर्क्स ॲज डिझाइन्ड.'

पाच मिनिटांत त्यांनी ते परत उघडलं. फोटो जोडून. त्यात मी बनियनवर होतो.